दानासोबत आलेली अट : कामा रुग्णालय ते उस्मानाबादची तपासणी

स्त्रियांच्या आरोग्यासाठी कोणी किती पैसा दिला, हे जुन्या रुग्णालयांच्या दर्शनी भिंतीवरच्या संगमरवरी पाटीवर वाचायला मिळतं. त्या पैशासोबत कोणती अट होती, हे मात्र पाटीवर सहसा नसतं. गेल्या दीडशे वर्षांत मुंबईत आणि महाराष्ट्रात या कामासाठी आलेला पैसा पाहिला, तर माझ्या मते अटीनेच जास्त घडवलं किंवा बिघडवलं. म्हणून ही पार्श्वभूमी त्या अटींच्या अंगाने सांगतो.

सुरुवात नाकारलेल्या मदतीपासून करावी लागते. १८७८ मध्ये गोपाळराव जोशी कोल्हापुरात टपाल खात्यात होते. आनंदीबाईंना अमेरिकेत शिकायला पाठवता यावं म्हणून त्यांनी रेव्हरंड वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं. मदत मिळेल, पण आधी ख्रिस्ती व्हा, असा त्या उत्तराचा मथितार्थ होता. जोशी दांपत्याने ते मानलं नाही. हा पत्रव्यवहार वाइल्डरच्या मासिकात छापून आला आणि न्यू जर्सीतल्या थिओडोशिया कार्पेंटर या गृहिणीच्या वाचनात आला. तिने स्वतःहून पत्र लिहिलं, पुढे आनंदीबाईंना आपल्या घरी ठेवून घेतलं, आणि धर्माबद्दल एक अक्षरही पुढे केलं नाही. १८८३ मध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीने निघाल्या. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजातून त्या डॉक्टर झाल्या. वर्षभरात, २६ फेब्रुवारी १८८७ ला, पुण्यात क्षयाने गेल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातली नेमणूक हाती होती. काम सुरू करणं मात्र त्यांच्या नशिबी नव्हतं.

आनंदीबाई बोटीत बसल्या त्याच वर्षी उलट दिशेने एक इंग्रज डॉक्टर मुंबईला यायला निघाली. एडिथ पीची तिचं नाव. तिची एडिंबरोची हकिगत थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण शिष्यवृत्तीचा पैसा कसा फिरवता येतो याचं इतकं ढळढळीत उदाहरण दुसरं सापडणार नाही. १८७० मध्ये एडिंबरो विद्यापीठात रसायनशास्त्राच्या परीक्षेत पहिल्यांदा बसलेल्यांमध्ये ती पहिली आली. नियमाप्रमाणे होप शिष्यवृत्ती तिची होती. प्राध्यापकांनी ती तिच्या खालच्या मुलाला दिली. मुलींचा वर्ग वेगळा भरतो, म्हणून त्या या वर्गाच्या विद्यार्थिनीच नव्हेत, असा युक्तिवाद केला. आता ही शिष्यवृत्ती उभी राहिली कशातून? चाळीसेक वर्षांपूर्वी प्राध्यापक होप यांनी शहरातल्या स्त्रियांसाठी रसायनशास्त्राची व्याख्यानं दिली होती. शेकडो बायका पैसे भरून आल्या होत्या. त्यांच्या तिकिटांच्या पैशातूनच हा निधी झाला. स्त्रियांच्या पैशातून आलेली शिष्यवृत्ती स्त्रीला नाकारली गेली, आणि हे करणाऱ्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. एडिंबरोने शेवटपर्यंत पदवी दिली नाही. पीचीने १८७७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्नहून एमडी घेतली.

मुंबईत तिला बोलावणारे लोक सरकारी नव्हते. जॉर्ज किट्रेज हा ट्रामच्या धंद्यातला अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापुरजी बंगाली हे पारशी सुधारक, या दोघांनी १८८२-८३ मध्ये हिंदुस्थानातल्या स्त्रियांसाठी एक वैद्यकीय फंड काढला. वर्गणी गोळा करतानाच त्यांनी तीन गोष्टी ठरवल्या. इंग्लंडहून स्त्री डॉक्टर आणायच्या आणि त्यांच्या पगाराची हमी फंडाने घ्यायची. स्त्रिया आणि मुलांसाठी स्त्री डॉक्टरांच्याच ताब्यातलं रुग्णालय काढायचं. आणि ग्रँट मेडिकल कॉलेजचे दरवाजे मुलींना उघडायचे. परदेशी डॉक्टर आणून थांबलो तर दर वेळी बाहेरूनच माणूस मागवावं लागेल, हे त्यांना पहिल्या दिवसापासून कळलं होतं. या तिसऱ्या कलमाचं मला फार कौतुक वाटतं. १८८३ मध्ये ग्रँटने मुलींना प्रवेश दिला.

रुग्णालयासाठी पेस्तनजी होरमसजी कामा यांनी लाखावर रुपये दिले. त्या काळी ही रक्कम प्रचंड होती. नोव्हेंबर १८८३ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉटच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १८८६ मध्ये कामा रुग्णालय उघडलं. आजही ते सीएसएमटीपासून चार पावलांवर उभं आहे. कारभार स्त्री डॉक्टरांच्या हाती राहील, ही अट दानाच्या आतच होती. सरकारी रुग्णालयात स्त्रीला पुरुष डॉक्टरची मदतनीस म्हणून नेमलं जाई. इथे वॉर्ड, शस्त्रक्रिया, औषधं, कनिष्ठ डॉक्टरांच्या नेमणुका हे सगळं स्त्रियांकडे आलं. ग्रँटमधून बाहेर पडणाऱ्या मुलींना हात बसवायला जागा मिळाली, आणि घरातून बाई कधी पुरुष डॉक्टरसमोर न्यायची नाही असं म्हणणाऱ्या कुटुंबांना कारण उरलं नाही.

पीचीने पुढच्या पिढीचीही सोय पाहिली. रखमाबाईंचा खटला सगळ्यांना ठाऊक आहे: लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जायला नकार, कोर्टाचा हुकूम, तुरुंग पत्करण्याची तयारी आणि १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड. त्यानंतर त्यांना डॉक्टर व्हायचं होतं. पीचीने मुंबईत शब्द टाकला, इंग्लंडमध्ये इव्हा आणि वॉल्टर मॅक्लॅरन यांनी मदत उभी केली. १८८९ मध्ये रखमाबाई लंडनच्या स्त्रियांच्या मेडिकल स्कूलमध्ये दाखल झाल्या. १८९५ पासून सुरतेत आणि नंतर राजकोटला त्यांनी पस्तीसेक वर्षं स्त्रियांची रुग्णालयं चालवली. त्यांना मदत करणाऱ्यांनी त्यांच्या लग्नाबद्दल, धर्माबद्दल किंवा परत आल्यावर कुठे राबायचं याबद्दल कुठलंही कलम लावल्याचं दिसत नाही. एवढं बदनाम करून सोडलेल्या बाईला असा पैसा मिळणं ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

१८८५ मध्ये व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांनी देशभराचा फंड काढला. पन्ना संस्थानच्या राणीने एका मिशनरी डॉक्टरबरोबर लॉकेटमध्ये घालून व्हिक्टोरिया राणीला निरोप धाडला होता, की हिंदुस्थानातल्या बायका आजारात फार सोसतात. त्या निरोपाची ही दूरवरची फलश्रुती. संस्थानिकांनी आणि व्यापाऱ्यांनी भरघोस दिलं, गावोगाव डफरिन रुग्णालयं झाली. फंडाच्या रुग्णालयात धर्मप्रचार करायचा नाही हा नियम होता, आणि तो चांगला होता. पण वरच्या जागा बहुधा युरोपियन डॉक्टरांना आणि खालच्या, कमी पगाराच्या इथल्या मुलींना, ही उतरंडही फंडासोबत आली. १९१४ मध्ये वेगळी स्त्री वैद्यकीय सेवा सुरू झाली तरी ही उतरंड लगेच मोडली नाही.

मुंबईत दुसऱ्या एका निधीची अट वेगळी होती. १८९२ मध्ये जमशेटजी टाटांनी परदेशी शिक्षणासाठी पैसा ठेवला, तो कर्जाऊ. शिकून कमवायला लागलं की परत करायचा, म्हणजे पुढच्याला देता येतो. त्यातल्या पहिल्याच विद्यार्थ्यांत फ्रेनी कामा या डॉक्टर होत्या. पुढे हेच कर्ज जेरुशा झिराड यांना मिळालं. त्या बेने इस्रायली, म्हणजे इथल्या ज्यू समाजातल्या, मराठी बोलणाऱ्या कुटुंबातल्या, पुण्यात वाढलेल्या. लहानपणी त्यांची मोठी बहीण फार आजारी पडली तेव्हा कामा रुग्णालयात वाचली, आणि डॉक्टर व्हायचं ते तिथेच ठरलं. ग्रँटमधून उत्तीर्ण झाल्यावर परदेशी शिकायला सरकारी शिष्यवृत्ती हवी होती, ती मुलींना मिळत नव्हती. टाटांच्या कर्जावर त्या लंडनला गेल्या. नंतर सरकारने हात सैल केला आणि ती शिष्यवृत्ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. १९१९ मध्ये प्रसूतिशास्त्रात लंडनची एमडी घेतली. १९२८ ते १९४७ त्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख होत्या.

इथवरचा पैसा इमारतींचा आणि शिक्षणाचा. संशोधनाला दाता मिळणं अवघड असतं, कारण तिथे उद्घाटन करायला काही नसतं. मुंबईत हे काम सुरू झालं ते इंडियन रिसर्च फंड असोसिएशनच्या अनुदानावर, म्हणजे आजच्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) आधीच्या संस्थेच्या. पण ते मागणाऱ्या बायका जुन्या फंडांनीच तयार केलेल्या होत्या. मार्गारेट बाल्फोर डफरिन फंडाचं काम पाहिलेल्या डॉक्टर. बाळंतपणात बायका का मरतात याची चौकशी त्यांनी हाती घेतली आणि १९२८ मध्ये लुसी विल्स यांना हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये बोलावलं. विल्स रखमाबाईंच्याच लंडनच्या शाळेत शिकलेल्या होत्या.

गिरणीत राबणाऱ्या गरीब गरोदर बायकांना एक प्रकारचा तीव्र पंडुरोग (रक्तक्षय) होत होता. लोहाने तो बरा होत नव्हता. विल्स यांनी त्या काय खातात, किती खातात, हे बघितलं. मग प्राण्यांना तसंच निकस खाणं देऊन पाहिलं, आणि यीस्टचा अर्क, म्हणजे इंग्रज घरांत पावाला लावायचा मार्माइट, खायला घातला. माकडं सुधारली, नंतर बायकाही सुधारल्या. १९३१ मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्या अर्कातल्या ज्या अनामिक घटकाला ‘विल्स फॅक्टर’ म्हटलं गेलं, तो दहा वर्षांनी वेगळा करता आला: फॉलिक ॲसिड. आज आशाताई गरोदर बाईच्या हातात रक्तवाढीची गोळी ठेवते, त्यात लोहासोबत तेच असतं. झिराड यांनीही १९३०च्या दशकाच्या शेवटी मुंबईतल्या मातामृत्यूंची कारणं शोधायचं काम केलं, त्याचा अहवाल १९४१ मध्ये निघाला. त्याच साली सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशातून टाटा मेमोरियल उघडलं.

टाटा मेमोरियलचा ग्रामीण धागा बार्शीला जातो. तिथे १९८७ पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालू आहे. गावात कॅन्सर झालेली बाई कुठे दवाखान्यात गेली, गेलीच नाही, कधी वारली, हे दारोदार फिरून लिहून ठेवणारी ही नोंदणी नसती तर पुढचा अभ्यास झालाच नसता. १९९९ मध्ये शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरचा मोठा अभ्यास सुरू झाला. पैसा बिल आणि मेलिंडा गेट्स फाउंडेशनचा. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ गट. काही गटांना हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, काहींना पॅप तपासणी (मुखाच्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघणं), काहींना व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी. उरलेल्या गटांना यांपैकी काहीच नाही, फक्त आरोग्याची माहिती आणि नेहमीची सरकारी सोय.

निकाल २००९ मध्ये आला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. एचपीव्ही चाचणीच्या गटांतल्या ३४,१२६ बायकांत ३४ मृत्यू, तपासणी नसलेल्या गटांतल्या ३१,४८८ बायकांत ६४. जगभरात आता एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती दिली जाते, त्यात मराठवाड्यातल्या या बायकांचा मोठा वाटा आहे.

आणि वादही तिथेच आहे. तपासणीने जीव वाचतो हे श्रीमंत देशांत आधीच माहीत असताना काही गटांना तपासणीशिवाय ठेवणं योग्य होतं का, असा प्रश्न अमेरिकेतल्या एका डॉक्टरने आणि इथल्याही काहींनी विचारला. संशोधकांचं म्हणणं असं, की त्या गावांत त्या वेळी तपासणी मिळतच नव्हती, त्यामुळे कोणाचं काही काढून घेतलं नाही. मला हा बचाव अर्धा पटतो. माहिती अशीच मिळते हे खरं आहे. पण सोय नव्हती ती परिस्थिती होती, आणि कोट्यवधी रुपये घेऊन आलेल्या अभ्यासाने ती परिस्थिती मोजमापाचा भाग केली. अशा अनुदानाच्या करारात पहिल्या पानावर एक कलम असावं असं मला वाटतं: ज्या गटांना चाचणी मिळाली नाही, त्यांतल्या प्रत्येक बाईला निकाल येताच ती मिळेल, आणि त्याचा खर्च आधीच बाजूला काढून ठेवलेला असेल. कामांच्या दानात स्त्री डॉक्टरांचं कलम घालणाऱ्यांनी १८८३ मध्ये जेवढा आग्रह धरला होता, तेवढाच इथे धरायला हवा. जिल्ह्यातल्या सरकारी मोहिमांत आजही बहुतेक ठिकाणी व्हिनेगरचीच तपासणी होते. ज्या चाचणीचं मोल त्यांच्याच गावांत सिद्ध झालं, ती सरकारी दवाखान्यात मोफत मागण्याचा पहिला हक्क या बायकांचा आहे.