स्काउट म्हणजे छोटी एनसीसी नव्हे

जूनमध्ये शाळा सुरू झाली की आठवीच्या पालकांचं ठरलेलं वाक्य येतं : "सर, पोराला एनसीसीत घ्या की. जागा नसंल तर मग स्काउटात टाका." म्हणजे एनसीसी मानाची आणि स्काउट उरलेल्यांसाठी! काहींनी तर याची शिडीच करून टाकली आहे : आधी स्काउट, मग एनसीसी, मग मिलिटरी. अशी शिडी कुठल्याही नियमात नाही. पण दोघांच्या अंगावर गणवेश, दोघंही कवायत करतात आणि दोघांचीही शिबिरं असतात, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला सगळं एकच वाटतं.

एनसीसी, म्हणजे राष्ट्रीय छात्र सेना, बहुतेकांना माहीत असते, त्यामुळे थोडक्यात उरकतो. १९४८च्या कायद्याने उभी राहिलेली, संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली ही संघटना. आमच्या सोलापुरात ९ आणि ३८ महाराष्ट्र या बटालियन. हायस्कूलला ज्युनिअर डिव्हिजन, मुलींना ज्युनिअर विंग. शाळेला मंजूर जागा ठरलेल्या, म्हणून निवड होते. साधारण आठवी-नववी अशी दोन वर्षं, शाळेतले एक शिक्षक अधिकारी म्हणून, बटालियनकडून येणारे हवालदार साहेब, एक शिबिर आणि शेवटी 'ए' सर्टिफिकेट. झालं.

आता बारीकसारीक फरक. एनसीसीला खाकी आणि बेरे टोपी, स्काउटला गळ्यात स्कार्फ आणि तो अडकवायचं कडं, म्हणजे वॉगल. एनसीसीचा सॅल्यूट पूर्ण पंजाचा, स्काउटचा तीन बोटांचा, आणि स्काउट हस्तांदोलन करतात डाव्या हाताने. स्काउटच्या मुलींना गाइड म्हणतात. क्विझमध्ये विचारायला हे ठीक आहे, मूल कुठे घालायचं हे त्यावरून ठरत नाही.

ठरतं ते एका गोष्टीवर : टोळी.

स्काउट चळवळ काढणारा बेडन-पॉवेल ब्रिटिश लष्करातला मोठा अधिकारी होता, गोंधळाचं मूळ बहुधा तिथेच. पण १९०७ साली ब्राउनसी बेटावर पोरं घेऊन गेला तेव्हा त्याने त्यांच्या पलटणी केल्या नाहीत. छोट्या टोळ्या केल्या, प्रत्येक टोळीला त्यांच्यातलाच एक नायक दिला आणि कामं त्यांच्यावर सोडली. आजही पथकात सहा ते आठ जणांची टोळी असते. टोळीनायक त्या पोरांमधूनच येतो. सगळे नायक बसून पथकाचं ठरवतात, त्या बैठकीला मानसभा म्हणतात. मास्तर तिथे असतो, पण निर्णय पोरांचा.

एनसीसीच्या शिबिरात दिवसाचं वेळापत्रक वरून आलेलं असतं. पहाटे पीटी, मग ड्रिल, शस्त्राचा तास, पॉइंट टू-टू रायफलचं फायरिंग, जेवणाची रांग. 'दाहिने मुड़' म्हटलं की तीस जणांची टाच एकदम वाजली पाहिजे, एकाची मागे राहिली तर सगळी फळी पुन्हा. सांगितलेलं तत्काळ, एकसारखं करायचं हेच तिथे शिकायचं असतं, आणि ते शिकण्यासारखंच आहे. तिथेही पोरं सार्जंट होतात, नेतृत्व करतात. पण हुकमाचा मजकूर आधीच ठरलेला असतो.

स्काउटच्या शिबिरात टोळीला पातेलं, तांदूळ, डाळ आणि काड्यापेटी मिळते. पुढे काय करायचं ते तुम्ही बघा. भांडी ठेवायला लाठ्या आणि सुतळीचं स्टँड करायचं असतं. सातवीतली एक मुलगी दोन लाठ्यांच्या फुलीवर क्लोव्ह हिचची गाठ मारून बांधणी सुरू करते, पातेलं ठेवल्या ठेवल्या स्टँड कलतं. टोळीतली दुसरी म्हणते, "वेढे ढिले पडलेत बे." सोडतात, पुन्हा आवळतात. तोवर भात खालून लागलेला असतो. तोच खायचा. इथे आठ जणींनी एकदम वळून काही मिळत नाही. एकीने पाणी आणायचं, एकीने चूल सांभाळायची, एकीने प्रथमोपचाराची पेटी जवळ ठेवायची, आणि कुणी काय करायचं ते नायकाने ठरवायचं. सरांनी अशा वेळी हात खिशात ठेवावेत. बऱ्याच सरांना हेच जमत नाही.

म्हणूनच आपल्याकडे बऱ्याच शाळांत स्काउटची दुय्यम दर्जाची एनसीसी होते. वर्षभर टोळीची एकही सभा नाही. १५ ऑगस्ट आला की स्कार्फ धुऊन काढायचे आणि पाहुण्यांच्या वाटेवर पोरं दोन रांगांत उभी करायची. स्नेहसंमेलनात खुर्च्या लावायला तीच. वर पुन्हा आपणच म्हणायचं, स्काउटमध्ये काही नसतं! 'खरी कमाई'चीही तीच तऱ्हा. पोरांनी स्वतः राबून चार पैसे मिळवावेत, हिशोब ठेवावा, हा तो उपक्रम. प्रत्यक्षात भेळ आई करते, शेंगाचटणीच्या पुड्या आजी बांधते, पोरगं स्टॉलमागे उभं राहून फोटो काढतं. काही ठिकाणी तर घरून सरळ पैसेच मागवतात. त्यापेक्षा ते नाव तरी वापरू नका.

सर्टिफिकेटचं सांगायलाच हवं, कारण अर्धे पालक त्यासाठीच येतात. लष्कराच्या एनसीसी विशेष प्रवेशातून अधिकारी व्हायला लागतं 'सी' सर्टिफिकेट, आणि ते कॉलेजात मिळतं. शाळेतलं 'ए' म्हणजे ते नव्हे. स्काउटमध्ये पायऱ्या असतात, त्यांना सोपान म्हणतात : प्रवेश, प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार. सोलापूर हा मध्य रेल्वेचा विभाग, त्यामुळे रेल्वे भरतीतला स्काउट-गाइड कोटा इथल्या रेल्वेच्या घरांना बरोबर ठाऊक असतो. त्या कोट्यात राष्ट्रपती पुरस्काराला मोल आहे. पण दोन सोपानांमध्ये काही महिने जावेच लागतात. नववीत स्कार्फ बांधून दहावीच्या आत तिथवर पोचणं हिशोबातच बसत नाही. पाचवी-सहावीत सुरुवात करा. एनसीसीला मात्र आठवीच्या सुरुवातीलाच नाव द्यावं लागतं, दिवाळीनंतर येऊन हात जोडू नका.

माझं मत विचाराल तर घरात आधीच सगळं सांगून करणारं, 'आता काय करू?' विचारत उभं राहणारं मूल असेल, तर त्याला स्काउटमध्ये घाला, पण टोळ्या खरोखर चालणाऱ्या पथकात. एका जागी न टिकणारं, सुरू केलेलं अर्धवट टाकणारं असेल, तर एनसीसी. लोक नेमकं उलटं करतात.

आणि एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, हे तिसरंच प्रकरण आहे. ते अकरावीपासून पुढे असतं. हायस्कूलच्या ऑफिसात त्याचा फॉर्म मागू नका, क्लार्कही वैतागलाय.