‘माईक’ : एका आखूड शब्दाची पार्श्वभूमी

गावाकडच्या लग्नात ‘माईक आला का?’ असे विचारले जाते, तेव्हा विचारणाऱ्याला केवळ हातात धरायचे दांडके अभिप्रेत नसते. कर्णे, अँप्लिफायर, वायरींची भेंडोळी आणि तो डोलारा टेम्पोतून आणणारा माईकवाला, असे सगळेच त्या एका शब्दात येते. आवाज टिपणाऱ्या उपकरणाचे नाव आपल्याकडे आवाज फेकणाऱ्या संचालाही चिकटले आहे.

‘मायक्रोफोन’ हा मूळ शब्द ‘लहान’ आणि ‘आवाज’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून घडला. आवाज मोठा करण्याच्या कामी येणाऱ्या वस्तूच्या नावात ‘लहान’ कसे आले, याचा उलगडा मायक्रोस्कोपशी तुलना केली की होतो : बारीक दिसणारे दाखवतो तो मायक्रोस्कोप, बारीक आवाज ऐकवतो तो मायक्रोफोन. इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८२७ मध्ये हे नाव वापरले ते क्षीण ध्वनी धातूच्या सळ्यांमधून थेट कानापर्यंत पोहोचवणाऱ्या साधनासाठी. त्यात विजेचा संबंधच नव्हता. १८७८ मध्ये डेव्हिड ह्यूज यांनी सैल टेकलेल्या कार्बनच्या तुकड्यांतून वीज खेळवली आणि माशीच्या पावलांचा आवाजही ऐकू येतो, असे सांगितले. ‘मायक्रोफोन’ या नावाला त्यानंतर आजचा अर्थ आला.

१९२० च्या दशकात रेडिओ घरोघरी पोहोचू लागला, तेव्हा इंग्रजीत ‘माइक’ हे लघुरूप रुळले. ‘बायसिकल’चे ‘बाइक’ झाले त्याच वळणाने त्याच्याही शेवटी ‘के’ आणि ‘ई’ ही अक्षरे आली. पुढे ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात मूळ शब्दाची पहिली तीन अक्षरे, ‘एम-आय-सी’, प्रचलित झाली आणि दोन स्पेलिंगांचा वाद सुरू झाला. तीन अक्षरांचे रूप ‘मिक’ असे वाचले जाते, हा त्यावरचा जुना आक्षेप मला रास्त वाटतो. देवनागरीला त्या वादाचे सोयरसुतक नाही. आपल्याकडे वाद असलाच, तर तो इकार ऱ्हस्व की दीर्घ एवढाच.

मराठी प्रतिशब्द ‘ध्वनिक्षेपक’. क्षेपक म्हणजे फेकणारा, त्यामुळे नीट पाहिले तर तो भोंग्यालाच अधिक शोभतो, आणि व्यवहारात तो तिकडेही सरकला आहे. उत्सवाच्या अर्जावर मंडळाचे कार्यकर्ते ‘ध्वनिक्षेपक लावण्यास परवानगी मिळावी’ असे लिहितात आणि बाहेर येऊन एकमेकांना सांगतात, “माईकची परमिशन मिळाली.”