माशाच्या मेंदूत सेरोटोनिनच्या पेशी फक्त मागेच असतात? नाही!

आपल्या नागपुरात बायोलॉजीच्या ट्यूशनच्या नोट्समध्ये वर्षानुवर्षं एकच ओळ फिरतेय, की पाठीचा कणा असलेल्या सगळ्याच प्राण्यांत मेंदूतल्या सेरोटोनिन (पेशींमध्ये निरोप पोचवणारं रसायन) बनवणाऱ्या पेशी फक्त राफेमध्ये, म्हणजे मेंदूच्या देठात असतात. अरे, हे सस्तन प्राण्यांचं झालं, माशांचं नाही! घरच्या टँकमधला झेब्राफिश घ्या, बोटाच्या दोन पेरांएवढा, त्याच्यात राफे आहेच पण हायपोथॅलॅमसमध्येही, म्हणजे मेंदूच्या तळाकडच्या भागात, मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीला अगदी चिकटून, या पेशींची गर्दी असते आणि कित्येकींची टोकं थेट त्या पाण्यात डोकावतात, किती भारी आहे हे! प्रीटेक्टममध्येही, म्हणजे नजरेशी जोडलेल्या एका भागात, एक छोटा गट. बेडूक-सरड्यांच्या हायपोथॅलॅमसमध्येही अशा पेशी सापडतात, म्हणजे व्यवस्था जुनीच, आपल्या सस्तन प्राण्यांतच ती उरली नाही. पोरांनो, वहीतली ती ओळ आजच खोडा.