व्हॅलहाइमचं अ‍ॅशलँड्स अपडेट: दक्षिणेकडे बोट काढण्याआधी

आमच्या गेमिंग कॅफेच्या ग्राहकांसाठी, मे २०२४

व्हॅलहाइम या वायकिंगांच्या जगात तग धरून राहण्याच्या गेमचं, १४ मे रोजी आलेलं नवं अपडेट आता आमच्या सगळ्या मशीनवर चढवलं आहे. ज्यांचं वर्ल्ड, म्हणजे गेममधलं सेव्ह केलेलं जग, आमच्याकडे बरेच दिवस चालू आहे, त्यांनी खेळायला बसण्याआधी हे पान जरूर वाचावं.

हा गेम अजून पूर्ण झालेला नाही. स्वीडनच्या आयर्न गेट या छोट्या कंपनीने तो २ फेब्रुवारी २०२१ रोजी ‘अर्ली अ‍ॅक्सेस’मध्ये, म्हणजे बनवता बनवताच, लोकांच्या हाती दिला. तेव्हा टीम पाच जणांची होती आणि महिन्याभरात ५० लाख प्रती खपल्या. त्यानंतर नकाशा टप्प्याटप्प्याने भरत गेला. धुक्याचा मिस्टलँड्स डिसेंबर २०२२ मध्ये आला, आता दक्षिणेचा जळता मुलूख, म्हणजे अ‍ॅशलँड्स, आला आहे. उत्तर टोक अजून बाकी आहे.

दक्षिणेचा समुद्र उकळता आहे. जुनी लाँगशिप तिथे नेली तर तिचं लाकूड होरपळत जातं आणि बोट सामानासकट बुडते. त्यासाठी ड्रॅकर ही नवी बोट आधी बांधा. तिला सिरॅमिकच्या पट्ट्या लागतात, तेव्हा मिस्टलँड्स उरकल्याशिवाय हा बेत करू नका. वाटेत बोनमॉ हा सागरी राक्षस भेटतो, म्हणून सुकाणूवर एक आणि धनुष्य घेऊन एक, असे किमान दोघे असावेत असं आम्ही सुचवू.

किनाऱ्याला लागल्यावर आगीशी गाठ आहे. तिथे आग पसरते, साध्या लाकडाचं घर बघता बघता जातं. ग्रॉस्टेन हा तिथलाच दगड खणून त्यात बांधकाम करा. पिसांचा झगा, जो आपण सगळे डोंगरावरून उड्या मारायला घालतो, तो आगीपुढे फार कमकुवत आहे. तो काढून ठेवा आणि आगीपासून वाचवणारी बार्ली वाइन सोबत घ्या.

आम्हाला सर्वात आवडले ते किल्ले. तटबंदीच्या आत जळक्या सैनिकांची फौज असते. दार फोडायला चाकांचा ओंडका आहे, लांबून दगड फेकायला कॅटापल्ट आहे. चार-पाच मित्र एकत्र असतील तर याच्यासारखी संध्याकाळ नाही. फेडर या अ‍ॅशलँड्सच्या बॉसला, म्हणजे तिथल्या मुख्य शत्रूला, बोलवायला लागणारे घंटेचे तुकडे याच किल्ल्यांत मिळतात. तिथला अ‍ॅस्क्सविन हा प्राणी माणसाळवून, खोगीर घालून त्याच्यावर बसताही येतं. पोर्टल म्हणजे एका जागेहून दुसऱ्या जागी क्षणात नेणारं दार. नव्या दगडी पोर्टलमधून आता धातूही नेता येतात, त्यामुळे लोखंड बोटीने वाहण्याचा जुना त्रास मिटला.

जुन्या वर्ल्डबद्दल एक विनंती. वर्ल्डच्या दोन फाइल असतात, डीबी आणि एफडब्ल्यूएल. पात्राची एफसीएच फाइल वेगळी. या तिन्हींची प्रत पेनड्राइव्हवर घेऊनच नवं व्हर्जन उघडा. एकदा नव्यात सेव्ह झालेलं वर्ल्ड जुन्या व्हर्जनमध्ये परत उघडेल या भरवशावर राहू नका. प्रत कशी घ्यायची ते काउंटरवर विचारा, आम्ही काढून देतो, त्याचे पैसे नाहीत. मॉड, म्हणजे गेममध्ये बदल करणारी इतरांनी बनवलेली जोडणी, वापरत असाल तर ते तूर्त बंद ठेवा. एका सर्व्हरवर दहा जण खेळू शकतात, पण सगळ्यांचं व्हर्जन एकच हवं. घरून जोडणाऱ्या मित्रालाही आधी अपडेट करायला सांगा.