आयर्लंडच्या पोरांनी परीकथा नव्हत्या जमवल्या

आयर्लंडमधल्या शाळकरी मुलांनी जमवलेल्या लोकसाहित्याचा विषय निघाला की 'परीकथांचा खजिना' हे शब्द हमखास येतात. वर चित्र पंखवाल्या परीचं. वाचून वाचून वैतागले, म्हणून हा खटाटोप. त्या गोष्टी बहुतेक परीकथा नव्हेत, आख्यायिका आहेत, म्हणजे खरंच घडलं म्हणून सांगितलेल्या गोष्टी.

आधी थोडक्यात हकिकत. १९३५ साली स्थापन झालेल्या आयरिश लोकसाहित्य आयोगाने १९३७ ते १९३९ या काळात २६ परगण्यांतल्या सुमारे ५,००० प्राथमिक शाळांना कामाला लावलं. निबंधाऐवजी पाचवी-सहावीच्या मुलांनी घरच्या नि शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारायचं आणि वहीत उतरवायचं. काय विचारायचं, त्याची ५५ विषयांची पुस्तिका शॉन ओ सुलवॉन यांनी करून दिली होती. पहिलाच विषय होता गाडलेलं धन. पुढे पवित्र विहिरी, घरगुती औषधं, लोणी काढणं, १८४० च्या दशकातला बटाट्याचा दुष्काळ, गावातला लोहार. पानं भरली जवळपास ७,४०,०००.

परीकथा म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. आटपाट नगर, तीन राजपुत्र, धाकटा शहाणा, शेवटी लग्न. पुढे चला.

आख्यायिकेतही चमत्कार असतो आणि लोक फसतात ते इथेच. अद्भुत काही दिसलं की परीकथेचं लेबल चिकटवून मोकळे. पण चमत्कार ही कसोटी नव्हेच. सांगणारा कुठे उभा आहे ते बघायचं. परीकथा घडलेली नाही, हे सांगणारा जाणतो आणि ऐकणाराही. आख्यायिका सांगणारा मात्र हात लांब करून दाखवतो: त्या टेकाडावर, आमच्या चुलत आजोबांच्या डोळ्यांदेखत. ऐकणारा म्हणेल, 'काहीतरीच काय!' म्हणू दे. वाद घालावासा वाटतो म्हणजेच ती खरी म्हणून सांगितली गेली. सिंड्रेलाच्या बुटावरून कोणी भांडत नाही.

वह्यांत हे ढळढळीत दिसतं. मजकुराला जोडून मुलाचं नाव, सांगणाऱ्याचं नाव, गाव, पुष्कळदा वयसुद्धा. राजपुत्राच्या गोष्टीत गाव कुठलं विचारायचं?

आता 'परी'. आयरिशमधला शब्द 'शी'. (मराठीत नाक मुरडल्यासारखं वाटतं, त्याला इलाज नाही. तरी मी तोच वापरते.) हे लोक कोणाला वर देत फिरत नाहीत. शेताशिवारांत मातीच्या गोल बांधाची जुनी ठाणी आहेत, 'लिस' म्हणतात त्यांना. पुरातत्त्ववाले सांगतात, बहुतेक मध्ययुगाच्या सुरुवातीच्या शेतकरी वस्त्या. गावकरी सांगत, शी लोकांचं घर. तिथे नांगर घालायचा नाही, एकटं उभं असलेलं काटेरी हॉथॉर्नचं झाड तोडायचं नाही. अमक्याने तोडलं आणि त्याची गाय मेली, इतकी छोटी गोष्ट. शेवट गोड नाही, मुळात शेवटच नाही, फक्त शेतात उभा असलेला पुरावा. १९९९ मध्ये क्लेअर परगण्यात 'लाटून' नावाच्या ठिकाणी नव्या रस्त्याच्या वाटेत असं एक झाड आलं, तेव्हा एडी लेनिहन या कथा सांगणाऱ्याने मोहीम चालवली आणि झाड राहिलं.

विश्वास किती खरा होता याचं उदाहरण अंगावर काटा आणणारं आहे. मार्च १८९५, टिपररी परगणा. ब्रिजेट क्लिअरी ही शिवणकाम करणारी तरुण बाई आजारी पडली. ही आपली बायको नव्हे, तिला नेऊन शी लोकांनी बदली ठेवलेली कोणीतरी आहे, असं म्हणत नवऱ्याने तिला जाळलं. नंतर तो रात्री जवळच्या लिसपाशी जाऊन बसला, पांढऱ्या घोड्यावरून खरी ब्रिजेट बाहेर येईल म्हणून. सदोष मनुष्यवधाबद्दल त्याला २० वर्षांची शिक्षा झाली. १९३८ साली मुलांना गोष्टी सांगणारा सत्तरीचा म्हातारा तेव्हा सत्तावीस वर्षांचा असणार. त्याने सांगितलेलं 'परीकथा' म्हणून छापायचं?

सांगणाऱ्यांचेही दोन प्रकार आहेत. 'श्केली' लांबलचक वीरकथा सांगे, 'शॅनखी' गावची माहिती, वंशावळी, आठवणी. हल्ली सगळ्यांनाच शॅनखी म्हणतात. त्यावर मी भांडत नाही.

आख्यायिकेऐवजी 'दंतकथा' चालेल का, असं विचारतात. मला नको. आपल्याकडे तो शब्द 'खोटी गोष्ट' या अर्थाने इतका झिजलाय, की सांगणाऱ्याचा खरेपणा त्यातून निसटतो. आपल्या गावोगावच्या तळ्यांची गोष्ट घ्या, लग्नाला भांडी देणारं आणि कोणी एक दडवल्यावर देणं बंद करणारं. गावात त्या तळ्याचा काठ दाखवतात. ती आख्यायिका.

वह्यांत परीकथा अजिबात नाहीत असंही नाही. राक्षस आणि वीर हाही ५५ पैकी एक विषय होता, त्यात त्या सापडतात. त्यांना खुशाल परीकथा म्हणा, चित्रही लावा. फक्त पंख नकोत.