रूप, चाल आणि काम: श्वानपैदाशीतील निवडीचे गणित

आईबाप दोघेही प्रदर्शनात विजेते ठरलेले असतील तर त्यांची पिल्ले कामालाही तितकीच उत्तम निघतील, असा समज कुत्रे पाळणाऱ्यांमध्ये खोलवर रुजलेला आहे. त्याच्या नेमका उलट समजही तेवढाच प्रचलित आहे: मेंढ्या राखणाऱ्या किंवा माग काढणाऱ्या कुत्र्याच्या अंगी हुशारी आणि जिद्द असली की पुरे, त्याच्या शरीराच्या ठेवणीकडे पाहण्याचे कारण नाही. हे दोन्ही समज चुकीचे आहेत.

कुत्रा उभा असताना त्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो. माणसाला असते तसे गळपट्टीचे पूर्ण हाड कुत्र्याला नसते, त्यामुळे त्याचे पुढचे पाय धडाशी हाडांच्या सांध्याने जोडलेले नसून छाती दोन्ही खांद्यांच्या पात्यांमध्ये केवळ स्नायूंच्या आधारे तोललेली असते. उडी मारून उतरताना बसणारा धक्का हेच स्नायू झेलतात. खांद्याच्या पात्याची किंवा कोपराची ठेवण सदोष असेल, अथवा मागे खुब्याच्या सांध्याची खोबण उथळ असेल, तर अत्यंत उत्साही कुत्राही लवकर थकतो आणि पुढे लंगडू लागतो. शरीराची ठेवण ही अशा रीतीने कामाचेच एक अंग आहे. अडचण तेव्हा निर्माण होते, जेव्हा या ठेवणीचे मूल्यमापन काम न पाहताच होऊ लागते.

मॅक्स फॉन स्टेफानित्झ यांनी १८९९ मध्ये जर्मनीत जर्मन शेफर्डची संघटना उभी केली, तेव्हा त्यांचा सारा भर उपयुक्ततेवर होता. तरीही आज या जातीत प्रदर्शनाची आणि कामाची अशा दोन वेगळ्या वंशरेषा पडलेल्या असून पाठीच्या व मागच्या पायांच्या ठेवणीतच त्या ओळखू येतात. बॉर्डर कोलीच्या बाबतीत दीर्घ काळ केवळ मेंढ्या हाकण्याचे कसब पाहिले गेले. म्हणूनच या जातीत उभ्या कानांचे आणि अर्धवट दुमडलेल्या कानांचे, आखूड केसांचे आणि लांब केसांचे असे सर्व प्रकारचे कुत्रे आढळतात.

अशी फाटाफूट होण्यासाठी कोणाचा वाईट हेतू असावा लागत नाही. पैदासशास्त्रातील एक साधे सूत्र असे आहे की एका पिढीत होणारा बदल म्हणजे आनुवंशिकतेचे प्रमाण गुणिले निवडीतील फरक. निवडीतील फरक म्हणजे पालक म्हणून निवडलेल्या कुत्र्यांची सरासरी आणि संपूर्ण गटाची सरासरी यांतील अंतर. आनुवंशिकतेचे प्रमाण म्हणजे त्या गटात दिसणाऱ्या फरकांपैकी जनुकांमार्फत पुढे जाणारा हिस्सा. समजा, गटाची सरासरी उंची ६० सेंटिमीटर आहे, निवडलेल्या पालकांची ६४ आहे आणि प्रमाण ०.५ आहे, तर पुढची पिढी सरासरीने २ सेंटिमीटर उंच होईल. आता कामाच्या चाचणीत गटाची सरासरी ५० गुण, पालकांची ६० गुण, परंतु प्रमाण केवळ ०.१ असेल, तर इतकी कडक निवड करूनही पुढच्या पिढीत अवघ्या एका गुणाची वाढ होईल. कामाच्या गुणांचे प्रमाण बहुधा असे कमीच भरते, कारण चाचणीतील कामगिरीवर प्रशिक्षण, हाताळणारा माणूस, पिल्लूपणातील अनुभव आणि त्या दिवसाची परिस्थिती यांचाही मोठा प्रभाव असतो, आणि मुळात हे गुण अल्प प्रभावाच्या असंख्य जनुकांवर अवलंबून असतात.

यात काळाची भर पडते. उंची वाढ पूर्ण होताच मोजता येते, तर कामातील खरी योग्यता दीर्घ प्रशिक्षणानंतरच कळते. त्यामुळे प्रतिवर्षी होणारी प्रगती आणखी मंदावते. शिवाय दोन गुण एकाच वेळी निवडायचे म्हटले की निवडीची धार बोथट होते. गुण परस्परांपासून स्वतंत्र असतील आणि ३२ पिल्लांमधून ठेवणीत सर्वोत्तम चतुर्थांश व कामातही सर्वोत्तम चतुर्थांश असा आग्रह धरला, तर सरासरीने दोनच पिल्ले हाती उरतात. आठ पिल्ले हवी असतील तर दोन्ही बाबतींत वरच्या अर्ध्यावर समाधान मानावे लागते. नजरेला सहज दिसणारा आणि लवकर बदलणारा गुण पैदासकाराला ओढून नेतो, तो या आकड्यांमुळे.

एखादे प्रभावी जनुक हाती लागले म्हणजे हा पेच सुटतो, असेही नाही. व्हिपेट या धावणाऱ्या जातीत स्नायूंच्या वाढीला आवर घालणाऱ्या मायोस्टॅटिन प्रथिनाच्या जनुकात एक उत्परिवर्तन आढळते. २००७ मध्ये त्याविषयीचे संशोधन प्रसिद्ध झाले. या बदललेल्या जनुकाची एक प्रत असलेले कुत्रे अधिक स्नायुमय असतात आणि शर्यतीतील सर्वांत वेगवान गटात त्यांचे प्रमाण जास्त असते. दोन प्रती आल्या की मात्र स्नायूंची बेसुमार वाढ झालेला, ‘बुली’ म्हणून ओळखला जाणारा कुत्रा जन्मतो. एक प्रत बाळगणाऱ्या नर-मादीचे मीलन घडवले, तर मेंडेलच्या नियमानुसार सरासरी एक चतुर्थांश पिल्ले बुली, निम्मी एका प्रतीची आणि उरलेली चतुर्थांश त्या उत्परिवर्तनाविना जन्मतात. अशा वेगवान जोडीपासून सर्व पिल्ले आईबापांसारखीच निघतील याची हमी देणे येथे जनुकशास्त्राच्या दृष्टीनेच अशक्य आहे. वंशावळीच्या कागदावर विसंबून पिल्लांची किंमत चढवणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

त्याहून जुनी एक अंधश्रद्धा म्हणजे मादीचे पहिले मीलन हलक्या कुळीच्या नराशी झाले तर तिची पुढची सर्व वेते बिघडतात. प्राणिशास्त्रज्ञ जेम्स कोसार एवर्ट यांनी १८९० च्या दशकात स्कॉटलंडमध्ये झेब्र्यापासून शिंगरे झालेल्या घोड्यांच्या माद्यांचे पुढे घोड्यांशी मीलन घडवून या कल्पनेला आधार नसल्याचे दाखवले. एकाच माजात दोन नरांशी मीलन झाल्यास एका वेतात दोन बापांची पिल्ले होऊ शकतात, हे खरे आहे. परंतु पुढच्या वेतावर त्याचा काहीही परिणाम होत नाही. २०२२ मध्ये अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या अभ्यासातून असेही दिसले की वर्तनातील वैयक्तिक फरकांपैकी केवळ सुमारे ९ टक्के फरकांचा उलगडा जातीवरून होतो. जातीचे नाव कामाची हमी देत नाही, प्रत्येक कुत्रा स्वतंत्रपणे पारखावा लागतो.

रूप आणि काम यांचा मेळ घालता येतो, याचा भक्कम पुरावा अमेरिकेतील ‘द सीइंग आय’ या अंधांसाठी मार्गदर्शक कुत्रे तयार करणाऱ्या संस्थेने दिला आहे. तेथे पाचाहून कमी पिढ्यांमध्ये जर्मन शेफर्डमधील खुब्याच्या सांध्याच्या विकाराचे प्रमाण ५५ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर, तर लॅब्राडॉरमध्ये ३० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आले. केवळ त्या कुत्र्याची क्ष-किरण प्रतिमा पाहून असे यश मिळत नसते. भावंडे, आईबाप आणि संतती यांच्या नोंदी एकत्र करून प्रत्येक कुत्र्याचे पैदासमूल्य, म्हणजे तो आपल्या संततीला जनुकांमार्फत किती गुण देईल हे, अंदाजावे लागते, जेणेकरून परिस्थितीचा प्रभाव वेगळा काढता येतो. कमी आनुवंशिकतेच्या गुणांसाठी, म्हणजे कामासाठी, ही पद्धत आणखी मोलाची ठरते. मात्र त्यासाठी चाचणीत अयशस्वी ठरलेल्या आणि घरगुती पाळीव म्हणून दिल्या गेलेल्या पिल्लांचीही सांधे आणि स्वभाव यांची नोंद ठेवावी लागते. केवळ यशस्वी कुत्र्यांच्याच नोंदी ठेवल्या, तर दोष देणारा नर कागदावर निर्दोष दिसतो आणि तोच सर्वाधिक वापरला जातो.