डॉक्सिसायक्लिन दुधाबरोबर घ्यावी का?

‘अँटिबायोटिक गरम पडते, म्हणून गोळी दुधाबरोबरच घ्यावी’ हा सल्ला घरोघरी वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्यामागची काळजी खरी आहे, कारण अशा गोळ्यांनी पोटात जळजळते. पण डॉक्सिसायक्लिन ज्या टेट्रासायक्लिन गटातली अँटिबायोटिक आहे, त्या गटातल्या औषधांना हा सल्ला चालत नाही.

या औषधांचे रेणू दुधातल्या कॅल्शियमला चिकटतात आणि तयार झालेले संयुग आतड्यातून नीट शोषले जात नाही. जुन्या टेट्रासायक्लिनचे शोषण निम्म्याने किंवा त्याहूनही घटू शकते, डॉक्सिसायक्लिनचे सुमारे २० टक्क्यांनी. लोहाच्या आणि आम्लपित्ताच्या गोळ्याही असाच अडथळा आणतात, म्हणून त्यांत काही तासांचे अंतर हवे.

गोव्यात पावसाळ्यात चिखलात लावणी करणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसचा (उंदीर-गुरांच्या मुतातून पाण्या-चिखलात येणाऱ्या जंतूंमुळे होणाऱ्या तापाचा) धोका असतो आणि त्यावर डॉक्टर हीच डॉक्सिसायक्लिन देतात. तिथे औषध कमी पोचणे परवडणारे नाही.

मग जळजळीचे काय? गोळी पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि अर्धा तास तरी आडवे होऊ नये, कारण ती अन्ननलिकेत अडकली तर व्रण होतो. सोसत नसेल तर डॉक्सिसायक्लिन पेज जेवूनही घेता येते. हे औषध चालू असताना उन्हाने कातडी लवकर भाजते, तेव्हा शेतात अंग झाकून जा. गरोदर बाई किंवा आठ वर्षांखालचे मूल असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. वाढत्या दातांवर कायमचे डाग पडू शकतात.

खात्री करायची तर औषधासोबतचे माहितीपत्रक वाचा, किंवा फार्मसीत विचारा: ‘ही टेट्रासायक्लिन गटातली का?’